नीरव शिकार

नीरव शिकार : शस्त्राचा, गोळीच्या मार्गाचा किंवा शिकाऱ्याच्या हालचालीचा आवाज शक्य तितका कमी ठेवून केलेली वन्य प्राण्यांची शिकार. धनुष्यबाण, जाळे, फास ही तिची प्राचीन साधने होत. ध्वनिशामक (व्यवहारातील ‘सायलेन्सर’) बसविलेली रायफल व ध्वनीच्या वेगापेक्षा मंद गोळी सोडणारे काडतूस हे तिचे आधुनिक रूप होय. महाराष्ट्राच्या उत्तर कोकणातील पालघर, बोईसर-तारापूर व त्यांच्या पूर्वेकडील मनोर, विक्रमगड, जव्हार या टापूत पहिल्या प्रकारची परंपरा दीर्घ असून तिचे अवशेष आजही आढळतात. दुसऱ्या प्रकारास भारतीय कायद्यात शिकारीपुरती कोठेही वाट ठेवलेली नाही. दोन्हींमागील ध्वनिशास्त्र मात्र एकच आहे.

आवाजाची उगमस्थाने : बंदूक झाडली जाते तेव्हा ऐकू येणारा आवाज एकच वाटत असला, तरी तो किमान तीन आवाजांचा मिलाफ असतो. पहिला व सर्वांत मोठा नळीच्या तोंडाशी होतो. दारू जळून निर्माण झालेले अतितप्त, उच्च दाबाचे वायू गोळीपाठोपाठ बाहेर पडतात व एकदम प्रसरण पावतात. त्यामुळे सभोवारच्या हवेत दाबाची तीव्र लाट उठते. दुसरा आवाज खुद्द गोळीचा असतो. गोळी ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जात असेल, तर तिच्या अग्रापासून शंकूच्या आकाराची आघात तरंगाची लाट मागे पसरत जाते आणि ती जेथून जाते तेथे चाबकाच्या फटकाऱ्यासारखा कडाड आवाज उमटतो. तिसरा आवाज घोडा, चाप, खिट्टी इ. यांत्रिक भागांचा असतो. तो क्षीण असला, तरी रानातील शांततेत पन्नास पावलांवरच्या भेकराला सावध करण्यास पुरेसा होतो.

ध्वनीचा हवेतील वेग ०° से. तापमानास सेकंदाला सु. ३३१ मी. असतो व प्रत्येक अंश सेल्सिअसला तो सु. ०·६ मी. ने वाढतो. पालघरच्या किनाऱ्यावर हिवाळी रात्री तो सु. ३४२ मी., तर मे महिन्याच्या दुपारी सु. ३५२ मी. भरतो. शिकारी रायफलीच्या गोळीचा वेग सामान्यतः सेकंदाला ७०० ते ९०० मी. असल्याने तिचा कडाड आवाज अटळ ठरतो. नळीच्या तोंडावर कितीही उत्तम ध्वनिशामक बसविला, तरी त्याचा या दुसऱ्या आवाजावर काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच मंदवेगी काडतुसाचा विचार पुढे आला.

ध्वनिशामक : हा नळीच्या पुढील टोकास जोडला जाणारा धातूचा पोकळ दंडगोल असतो. आतील आडव्या पडद्यांमुळे त्याचे कप्पे पडतात व पडद्यांच्या मधोमध गोळीपुरते छिद्र असते. गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडतात, फिरतात, थंड होतात व दाब उतरल्यावर सावकाश बाहेर पडतात. तत्त्वतः हा मोटारगाडीच्या धुरनळीवरील सायलेन्सरचाच भाऊ होय, आणि हे नाते केवळ उपमेपुरते नाही. अमेरिकन अभियंते हायरम पर्सी मॅक्सिम यांना या साधनाचे एकस्व ३० मार्च १९०९ रोजी मिळाले व पुढे त्यांनी हेच तत्त्व एंजिनांच्या आवाजाला लावले. मॅक्सिम मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील. पित्याने जगाला सर्वांत गोंगाटी शस्त्रांपैकी एक दिले आणि पुत्राने ते गप्प करण्याचे साधन काढले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

चित्रपटांतील ‘फुस्स’ असा आवाज ही अतिशयोक्ती होय. रायफलीच्या तोंडाशी आवाजाची पातळी १६० डेसिबेलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ध्वनिशामक ती सर्वसाधारणपणे २० ते ३५ डेसिबेलनी उतरवितो. डेसिबेलचे मापन गुणोत्तरी असल्याने ३० डेसिबेलची घट म्हणजे ध्वनितीव्रता एक हजारांश होणे. तथापि कानाला हा फरक साधारण आठव्या हिश्श्याएवढा जाणवतो आणि उरलेला आवाजही हातोडीच्या घणाघातासारखा असतो. क्षणिक आवाजाच्या बाबतीत १४० डेसिबेल ही श्रवणशक्तीला धोक्याची मर्यादा मानतात. ध्वनिशामकाने आवाज या मर्यादेच्या खाली किंवा तिच्या जवळ येतो. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड इ. देशांत शिकाऱ्यांमध्ये तो सर्रास वापरला जातो, त्याचे मुख्य कारण हेच आहे. शिकारी, त्याचे कुत्रे आणि शेजारची वस्ती यांच्या कानांचे रक्षण हा तेथील हेतू असून, प्राण्याला चकविणे हा दुय्यम. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने ध्वनिशामकावर २०० डॉलरचा कर व नोंदणी लादली होती. २०२५ मधील कायद्याने हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम ठेवली.

मंदवेगी काडतूस व त्याची किंमत : मंदवेगी काडतुसात गोळीचा वेग सेकंदाला सु. ३०० ते ३२५ मी. ठेवतात. ध्वनिशामक व असे काडतूस यांचा संयोग झाला, तर तिन्ही आवाजांपैकी यांत्रिक खटका व गोळी लक्ष्यावर आदळल्याचा आवाज हेच काय ते ठळकपणे उरतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बनविलेली डी लाइल कारबाइन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ली-एन्फील्ड रायफलीच्या खिट्टीवर बेतलेल्या या शस्त्रात पिस्तुलाचे ०·४५ इंची काडतूस वापरले होते. त्याची जड गोळी मुळातच ध्वनीपेक्षा मंद असल्याने कडाड आवाजाचा प्रश्नच येत नसे.

परंतु ही शांतता फुकट मिळत नाही. गोळीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याच वजनाच्या गोळीचा वेग सेकंदाला ८६० मी. वरून ३२० मी. वर आणला, तर ऊर्जा जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येते. ही उणीव भरून काढण्यासाठी गोळी जड करतात, तरीही ऊर्जा पुष्कळच कमी राहते. शिवाय बहुतेक शिकारी गोळ्या वेगाच्या आघाताने फुलून रुंद जखम करतील अशा घडविलेल्या असतात. मंद वेगाला त्या फुलत नाहीत, आरपार एक अरुंद भोक पाडून निघून जातात. रानडुकरासारखा दणकट प्राणी अशा जखमेनंतर जाळीत शिरतो व कित्येक तास, क्वचित दिवसही, तडफडत राहतो. जखमी डुक्कर व जखमी बिबट्या यांच्याइतके धोकादायक जनावर रानात दुसरे नाही, हे जुने शिकारी आवर्जून सांगत असत. मंद गोळीचा दुसरा दोष म्हणजे ती खडकावर वा कठीण जमिनीवर आदळल्यास फुटण्याऐवजी पुष्कळदा उसळते व दिशा बदलून दूर जाते. बेसाल्टच्या उघड्या खडकांनी भरलेल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तिसरा दोष नेमाचा. मंद गोळीला १०० मी. अंतर कापण्यास सु. ०·३२ सेकंद लागतात व तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सु. ५० सेंमी. खाली येते. वेगवान गोळी त्याच अंतरात फक्त ७ सेंमी. च्या आसपास खाली येते. परिणामी १०० मी. वर नेम जुळविलेल्या मंदवेगी रायफलीने प्रत्यक्षात १२५ मी. वर असलेल्या प्राण्यावर गोळी झाडली, तर ती सु. २० सेंमी. खाली लागते, म्हणजे छातीऐवजी पायाला. अंधारात अंतराचा अंदाज पंचवीस मीटरांनी चुकणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे.

गंमतीचा भाग असा, की ‘गोळी आवाजाच्या आधी पोहोचते’ हा फायदाही येथे हातचा जातो. ध्वनी १०० मी. अंतर सु. ०·२९ सेकंदात कापतो. मंद गोळी त्याच्या किंचित मागून येते. वेगवान गोळी मात्र आवाज कानी पडण्यापूर्वीच लागलेली असते. हीच अडचण धनुर्धाऱ्यांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. सेकंदाला ५० मी. वेगाने निघालेल्या बाणाला २५ मी. जाण्यास अर्धा सेकंद लागतो, तर प्रत्यंचेचा टणत्कार ०·०७ सेकंदातच हरणाच्या कानी पोहोचतो. मधल्या वेळात हरीण उडी घेण्यासाठी अंग दबविते व बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून बाणाने शिकार करणारा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, सुकलेली पाने चुकवीत, दहा-पंधरा पावलांवर जाण्याची शिकस्त करतो. त्याच्या दृष्टीने शांतता शस्त्रापेक्षा पावलांत असते.

पालघर परिसर : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. पश्चिमेस खाड्या, खाजणे, भातशेती व चिकूच्या वाड्यांची किनारपट्टी, मध्ये पश्चिम रेल्वे व मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि पूर्वेस साग-ऐनाच्या पानझडी जंगलाने झाकलेले डोंगर अशी त्याची रचना आहे. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर, दुबळा या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात या रानांतील वन्य प्राण्यांचे वर्णन आले आहे. वाघ आज येथून नाहीसा झाला असला, तरी वाघदेवाच्या लाकडी वा दगडी मूर्ती व आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस त्याची आठवण राखून आहेत. वारली चित्रांतही तिरकमठा ताणलेला शिकारी वारंवार दिसतो.

तिरकमठा, गोफण, गलोल, ससे व डुकरे अडविण्याची वाघूर, पाखरांसाठी चिकाचा लासा व केसांचे फासे ही येथील जुनी साधने होत. ही साधने टिकून राहिली ती केवळ परंपरेमुळे नव्हे. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. तो मिळविण्याची ऐपत व वशिला जमीनदार, सावकार व अधिकारी यांच्यापाशी होता. त्याच वर्षीच्या व नंतर १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलात शिकार व सापळे लावणे नियंत्रित केले. यामुळे साहेबांची शिकार गाजतवाजत, मचाण, गारा व हाकाऱ्यांसह चाले, तर आदिवासीची शिकार चोरीची ठरून आपोआप नीरव झाली. हाक्यात ढोल बडवून प्राणी उठविण्याचे काम मात्र त्याच आदिवासींकडे असे. एकाच रानात आवाज करणे हे एकाचे वेठीचे काम आणि आवाज न करणे ही त्याच माणसाची गरज, असा हा विलक्षण प्रकार होता.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाखाली परवान्याने शिकार चालू राहिली. १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र सुरू झाले व त्यानंतर बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. शेते व माळराने कारखान्यांखाली गेली, पाणथळ जागांवरची बदके व तितर-लाव्यांची शिकार आपसूक आटली आणि शिकारीचे क्षेत्र महामार्गाच्या पूर्वेस सरकले. तेथे आज मुख्य लक्ष्य रानडुक्कर आहे. भात व नागलीच्या उभ्या पिकाची एका रात्रीत नासधूस करणारा हा प्राणी अल्पभूधारक शेतकऱ्याचा खरा शत्रू असून त्याच्या मांसालाही मागणी असते. शिकारीकडे केवळ गुन्हा म्हणून पाहणाऱ्याच्या नजरेतून ही बाजू सहसा निसटते.

या टापूतील रात्रीचे ध्वनिमान समजून घेण्यासारखे आहे. दिवसा समुद्रावरून येणारा वारा किनाऱ्याकडचा आवाज डोंगराकडे वाहून नेतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहू लागतो. शिवाय निरभ्र हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असल्याने ध्वनितरंग वर निसटून न जाता खाली वाकतात आणि दिवसा एका पाड्यावरून दुसऱ्यावर न पोहोचणारा आवाज रात्री सहज पोहोचतो. दाट पालवीत उच्च कंप्रतेचा ध्वनी लवकर विरतो. म्हणून दूरच्या बंदुकीचा कडाड आवाज मावळून केवळ घुमणारा ‘धडाम’ ऐकू येतो. वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलाला शिकारीचा पहिला सुगावा पुष्कळदा याच धडामने लागतो. ध्वनिशामकाविषयी शासनसंस्थेला वाटणाऱ्या धास्तीचे मूळ येथे आहे. वन्य प्राण्याच्या दृष्टीने गोळी तीच, पण पहारेकऱ्याच्या दृष्टीने ती झाडलीच गेली नाही असे होते. रानात असणाऱ्या इतर माणसांचेही तसेच. मोहाची फुले वेचणाऱ्या, गुरे शोधणाऱ्या, खेकडे पकडणाऱ्या माणसाला बंदुकीचा आवाज ही एक सूचनाच असते. पहिल्या बारानंतर तो ओरडून आपण तेथे आहोत हे कळवू शकतो.

तथापि या भागातील नीरव शिकारीचे खरे साधन म्हणून ध्वनिशामकाकडे बोट दाखविणे चुकीचे होईल. ते महाग, दुर्मीळ व ठासणीच्या किंवा गावठी बंदुकीला निरुपयोगी असते. आवाज न करता मारणारी खरी साधने स्वस्त व ओळखीची आहेत : दुचाकीच्या ब्रेकच्या तारेचा फास, तसेच कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. फास डुकरासाठी लावला, तरी त्यात बिबट्या, तरस किंवा गावातले कुत्रेही अडकते. विजेच्या तारेने तर शेतमालक, वाटसरू व गुराखी यांचे बळी राज्यात अनेक ठिकाणी गेले आहेत. या साधनांत शिकारी घटनास्थळी नसतोच, त्यामुळे कोण मरते आहे हे पाहण्याची संधीही राहत नाही.

ओळख पटण्याआधी चाप ओढण्याचे परिणाम या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांच्या टोळीतील एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली व तो मरण पावला. भयभीत झालेल्या इतरांनी घटना दडविली व मृतदेह जंगलात लपविला. काही दिवसांनी पोलिसांना माहिती मिळून अटका झाल्या. शिकार बेकायदा असल्यामुळे ती अंधारात, दिवे विझवून, एकमेकांना हाक न मारता करावी लागते, आणि नेमकी हाकच अशा वेळी जीव वाचविणारी असते. परवान्याच्या काळातील हाक्यात प्रत्येक बंदूकधाऱ्याची जागा व मारा करण्याची दिशा आधी ठरवून देत व हाकारे जवळ आल्यावर गोळी झाडण्यास सक्त मनाई असे. चोरट्या शिकारीत ही शिस्त पाळणारा कोणी नसतो.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत बार उडविल्याने होणारा आवाज वा ज्योत कमी करण्यासाठी बनविलेल्या किंवा योजलेल्या साधनांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ध्वनिशामक हा केवळ सुटा भाग नसून कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक बंदूक होय, व परवान्यावाचून तो जवळ असणे हा बंदूक नसतानाही गुन्हा ठरतो. १९६२ च्या शस्त्र नियमांत त्याची गणना निषिद्ध शस्त्रांबरोबर पहिल्या वर्गात केलेली होती. पीक संरक्षणासाठी मिळणारा परवाना साध्या बंदुकीचा असतो आणि तो पीक राखण्याचा परवाना असतो, शिकारीचा नव्हे. हा भेद गावोगाव नीट उमगलेला दिसत नाही.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ मसुद्यात परवान्याने शिकारीची सोय होती व तिच्या पद्धतींवर कलम १७ मध्ये बंधने होती. रात्री, कृत्रिम प्रकाशात किंवा वाहनातून शिकार करणे ही त्यांपैकी काही. १९९१ च्या सुधारणेने शिकारीवर सरसकट बंदी आली व हे कलम अनावश्यक म्हणून गळाले. अधिनियमातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. ठार मारणेच नव्हे, तर फास लावणे, विष घालणे, हाका करणे, आमिष दाखविणे व यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे म्हणजे शिकारच. २०२२ च्या सुधारणेनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) बिबट्या पहिल्या अनुसूचीत, तर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा होऊ शकते. मानवी जीवितास किंवा उभ्या पिकास धोकादायक झालेल्या प्राण्याच्या बाबतीत कलम ११ अन्वये सक्षम वनाधिकारी लेखी व सकारण आदेशाने त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. असा मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो. शेतकऱ्याची तक्रार अशी असते, की डुक्कर आज रात्री येते आणि आदेश पुष्कळ दिवसांनी. या तक्रारीत तथ्य आहे, व चोरट्या शिकारीची मुळे काही अंशी या विलंबातही आहेत.

प्रत्यक्ष तपासात मृत प्राण्याच्या अंगातील गोळी वा छर्रे, रिकामे काडतूस व जप्त शस्त्र यांची तुलना न्यायसहायक प्रयोगशाळेत केली जाते. राज्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे. ध्वनिशामक लावलेल्या शस्त्राच्या गोळीवरही नळीतील आट्यांच्या खुणा तशाच उमटतात. गावठी नळीत आटे नसल्याने अशा खुणा मिळत नाहीत आणि तारेचा फास तर काहीच मागे ठेवीत नाही. त्याचा शोध वनरक्षकांना पायवाटा व पाणवठ्यांच्या कडेने चालत, काही ठिकाणी धातुशोधकाच्या साहाय्याने, घ्यावा लागतो.